ओंजळभर तूस

पिल्लांच्या पोटात दुखतंय हे दर्शनाच्या आधी माग्याला कळलं. यात नवल काही नव्हतं, त्याचं कामच ते.

माग्या म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. शेडवाल्यांना पिल्लं देऊन ती वाढवून घेणाऱ्या कंपनीच्या करारात त्याचं नाव ‘अंत्रदर्शी’ असं छापलेलं होतं. हे नाव ज्या कुणी ठेवलं त्यानं आयुष्यात कधी कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नसणार. मुरबाडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला, जिथं घरटी एक शेड उभी होती, तिथं असलं नाव उच्चारायला वेळ कुणाला होता? रोगाच्या मागावर असतो म्हणून माग्या, बस्स. शेडच्या आढ्याला टांगलेला, तांदळाच्या डब्याएवढा खोका. त्याला चारही अंगांना डोळे आणि कान, आणि खाली तुसापर्यंत सोडलेली एक बारीक नळी. डोळ्यांनी तो पिल्लांची विष्ठा बघायचा, कानांनी चिवचिव ऐकायचा. पोटात कळ आलेल्या पिल्लाचा आवाज किंचित लांबतो आणि शेवटी खाली पडतो. माणसाला हा फरक कळत नाही, सगळी शेड एकदम ओरडत असताना तर नाहीच नाही. माग्याला कळायचा. संशय आला की तो नळीनं विष्ठा ओढून घ्यायचा, आतल्या आत तपासायचा आणि पाण्याच्या पाइपात मापानं औषध सोडायचा. शेडवालीला फक्त मोबाइलवर निरोप यायचा.

दर्शना विशे त्या वेळी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मोबाइलमधली बाई नेहमीच्या गोड आवाजात बोलली, “आंत्रविकाराची प्राथमिक लक्षणे आढळली आहेत. उपचार सुरू करण्यात आला आहे. कृपया काळजी करू नये.”

“काय म्हणते?” तिच्या नवऱ्यानं, हरेशनं, ताटावर बसल्या बसल्या विचारलं.

“पोट बिघडलंय म्हणते. उपचार सुरू करण्यात आलाय.”

“मग वाढ.”

एवढ्यावर विषय संपला. माग्या आल्यापासून रोगराईचा विषय असाच संपायचा. त्याआधी रक्ती हगवणीचं नुसतं नाव काढलं तरी शेडवाल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. हा रोग करणारा जीव एका पेशीचा, सुईच्या टोकावर शेकड्यानं मावेल एवढा. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून त्याची अंडी तुसात पडतात. तूस म्हणजे भाताचं टरफल, पिल्लांचं अंथरुण तेच. तूस कोरडा असेल तर ती अंडी तशीच पडून राहतात. ओल आणि ऊब मिळाली की एखाद-दोन दिवसांत पिकतात. पिल्लू चोच मारता मारता ती गिळतं, मग तो जीव आतड्याच्या अस्तरात शिरतो, वाढतो, आणि बाहेर पडताना अस्तर फाडून निघतो. पिल्लू पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहतं. खात नाही, विष्ठेत रक्त येतं, आणि बघता बघता सकाळी टोपलीभर मेलेली पिल्लं उचलावी लागतात. यातून जे वाचतं त्याला मात्र तो रोग सहसा पुन्हा बाधत नाही.

आता टोपल्या भरायचे दिवस गेले होते. दाण्याची गाडी ड्रायव्हरशिवाय आपली आपण दारात यायची, माग्या आपली आपण औषधं द्यायचा, आणि दर्शनाच्या फाटकावर कंपनीची ‘आदर्श शेड’ अशी हिरवी पाटी होती. तिची पिल्लं साऱ्या पट्ट्यात दणकट निघायची. बाहेरगावचे लोक तिची शेड बघायला यायचे. चार पत्र्यांपासून तिनं ती शेड उभी केली होती आणि त्या पाटीचा तिला अभिमान होता. तो ती लपवायचीही नाही.

पण या खेपेला उपचार सुरू होऊनही पिल्लं सुधारेनात. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली तर भिंतीलगत बरीच पिल्लं एकमेकांना चिकटून, डोळे मिटून उभी. तिनं एक उचललं. हाताला हलकं लागलं, मागची पिसं बरबटलेली, आणि तळहातावर त्यानं लालसर शिंतोडा टाकला. ती चरकली. माग्या आल्यापासून तिनं असलं रक्त पाहिलं नव्हतं.

“अगं, तो देतोय ना औषध,” हरेश म्हणाला.

“देतोय, पण अंगात ताकदच नाही त्यांच्या. बघा ना, मान टाकतायत.”

अशा वेळी त्या पट्ट्यातली कोणतीही शेडवाली जे करते तेच तिनं केलं. माळ्यावरनं जुनी, लाल बुडाची पाण्याची भांडी काढली, धुतली, त्यांत ताकदीचं टॉनिक कालवलं आणि ओळीनं मांडून ठेवली. पाइपाच्या बोंड्या चोचीनं दाबून पाणी घ्यावं लागायचं, त्यापेक्षा पिल्लांना ही भांडी सोपी, ती लगेच येऊन प्यायली. दर्शनाला जरा बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी तिनं टोपली भरून मेलेली पिल्लं बाहेर काढली, आणि त्याच्या पुढच्या सकाळीही.

कंपनीचे डॉक्टर तांबोळी दुपारी आले. वयानं तरुण, बोलायला मऊ माणूस, पण कामात चोख. फाटकाशी बूट धुऊन, पांढरा अंगरखा चढवून ते आत गेले, दोन मेलेली पिल्लं तिथंच फाडून पाहिली. आतडं फुगलेलं, आत रक्ताच्या गाठी. त्यांनी पाण्याचा नमुना घेतला, तुसाचा घेतला, आणि जिथं जिथं तूस ओला लागला तो काढून कोरडा टाकायला सांगितला. मग ओट्यावर बसून टॅबलेट उघडला.

“दर्शनाताई, नवा माग दाखवतो तुम्हाला. या हंगामापासून सुरू झालाय.”

हा नवा माग समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. रोगाचा जीव एका शेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिला की त्याच्या जनुकांत बारीकसारीक बदल होत जातात. माणसांचं नाही का, एकाच भाषेतला माणूस दोन वाक्यं बोलला की कुठल्या तालुक्यातला ते कळतं? तसंच हे. प्रत्येक शेडची एकेक कुळी तयार होते. माग्याला ही कुळी वाचायला शिकवली होती. आणि सगळ्या शेडमधले माग्ये एकमेकांशी बोलत असल्यामुळे कुठली कुळी कुठून निघून कुठं गेली हे नकाशावर बाणानं दाखवता येत होतं. कंपनीच्या दृष्टीनं ही मोठी विद्या होती. रोग हवेतून येत नाही, कुणाच्या तरी चपलेला, टोपलीला, हाताला लागून येतो, आणि तो हात आता सापडणार होता.

डॉक्टरांनी बोट ठेवलं तिथं एक लाल बाण होता. त्याचं टोक दर्शनाच्या शेडवर होतं. शेपूट ओहोळ ओलांडून पलीकडे गेलं होतं, प्रमिलाच्या शेडवर.

प्रमिला म्हणजे दर्शनाची थोरली जाऊ. दोघींचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

“तुमच्या नव्या तुसात थोडा जुना तूस मिसळलेला दिसतोय. त्यांच्या शेडमधून तुमच्याकडे कुणी येतं-जातं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्यात पाण्याचासुद्धा व्यवहार नाही,” दर्शना म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. “म्हणजे मुद्दाम आणून टाकलाय तिनं.”

डॉक्टरांनी नियम सांगितला. एका शेडचा माणूस किंवा माल दुसऱ्या शेडमध्ये गेला आणि त्यातून रोग गेला, तर ज्याच्याकडे आला त्यानं जबाब द्यायचा. संपर्क आपल्या परवानगीशिवाय झाला असं त्यानं म्हटलं, तर पाठवणाऱ्याचा करार कायमचा रद्द, दुसरी कुठलीही कंपनी त्या शेडला पिल्लं देणार नाही. परवानगीनं झाला असं म्हटलं, तर दोघांनीही नियम मोडला. दोन्ही शेडना वर्षभर पिल्लं बंद. “उद्या संध्याकाळपर्यंत माग्यासमोर उभं राहून बोलायचं. घाई करू नका, विचार करून सांगा,” असं म्हणून ते गेले.

विचार कसला करायचा? दर्शनाच्या मते उत्तर सरळ होतं. परवानगी दिलीच नव्हती तर दिली नाही म्हणायचं. बाणाची बातमी तोवर गावभर झाली होती. दूध डेअरीवर एकीनं तर सांगूनही टाकलं, “बरी सापडली. इतकी वर्षं मनात धरून बसली होती.” दर्शनाला ते ऐकून समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

भांडण झालं होतं ते एका बारशाला. त्या वर्षी, माग्या अजून यायचा होता तेव्हा, प्रमिलाची पिल्लं हगवणीनं गेली, सगळी शेड रिकामी झाली. दुःखात होती बिचारी, आणि चार बायकांत बोलून गेली, “दर्शना माझ्या शेडमध्ये येऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. हिचा पाय लागला.” दर्शनाला ते झोंबलं. ती तिथल्या तिथं म्हणाली, “माझा पाय काढता? तुमचा स्वतःचा बघा आधी. त्या पायानं तर घरातला माणूस गेला.” प्रमिलाचा नवरा, हरेशचा थोरला भाऊ, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. प्रमिला उठली, बाळाच्या हातात आणलेलं झबलं ठेवलं आणि घरी गेली. त्यानंतर ओहोळाच्या अलीकडे तिचं पाऊल पडलं नव्हतं, निदान सगळ्यांची समजूत तशी होती.

हरेशनं त्या रात्री जेवताना एकच वाक्य म्हटलं. “वहिनी असलं करणारी नाय.”

“मग बाण काय मी काढला?”

“नाय, पण एकदा विचार तरी.”

“तुम्हीच विचारा, तुमची वहिनी आहे.”

“भांडण तू केलंस,” असं म्हणून तो हात धुवायला उठला. दर्शनाला त्याचा भयंकर राग आला, कारण बोलला ते खरं होतं.

सकाळी ती स्वतःच गेली. कपडे बदलले, पाय धुतले आणि ओहोळातल्या दगडांवरून पलीकडे उतरली. तिथं वाट राहिली नव्हती, तरवड माजला होता. प्रमिला शेडच्या दारात बादलीत चुना कालवत होती. तीन वर्षांत केस बरेच पिकले होते तिचे. तिनं मान वर करून पाहिलं, आणि जणू काल भेटल्यासारखी म्हणाली, “तिथंच थांब. आत माझीपण पिल्लं आहेत.”

दर्शना थांबली. येताना तिनं मनात बरंच जुळवून आणलं होतं. प्रमिला नाही म्हणणार, मग आपण बाण दाखवायचा, मग ती रडणार वगैरे.

“ताई, माझ्या शेडमध्ये तूस तुम्ही टाकलात?”

“टाकला.”

जुळवून आणलेलं सगळं तिथंच फिसकटलं.

“कधी?”

“पिल्लं यायच्या आधी. तू चुना मारून शेड मोकळी ठेवतेस ना, तेव्हा. दर खेपेला टाकते.”

“दर खेपेला?”

“मग? तुझी पहिली पिल्लं आली तेव्हा कुणी टाकला होता?”

दर्शनाला आठवत होतं. त्या पट्ट्यातली ती रीतच होती. नवी पिल्लं यायच्या आधी शेजारच्या शेडवालीनं, जिची खेप सुखरूप पार पडली तिनं, आपल्याकडचा ओंजळभर जुना तूस आणून नव्या अंथरुणावर टाकायचा. माझ्याकडची जगली, तुझ्याकडची जगोत, एवढाच त्यातला भाव. कंपनीनं ही रीत बंद करून जमाना लोटला होता. बहुतेकींनी सोडलीही होती.

“अहो पण तीन वर्षं आपण बोलत नाही!”

“भांडण तुझं नि माझं. पिल्लांनी काय केलंय?”

दर्शना एकदम रागावली. “म्हणून न विचारता माझ्या शेडमध्ये शिरायचं? पाय ठेवायचा?”

प्रमिलानं चुन्याची काठी बादलीत सोडली. इतका वेळ शांत असलेला तिचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

“पाय नाय लावला मी,” ती म्हणाली. “माझा पाय कसा आहे ते तू चारचौघांत सांगितलंस. मी विसरले नाय. मागच्या जाळीतून टाकला. हात गेला असेल आत मनगटाएवढा, तेवढा लिहून घे हवा तर.”

दर्शना खाली बघत उभी राहिली. तिला लाज वाटली, अगदी अंग चोरून घ्यावं इतकी वाटली.

“या खेपेला चुकलं माझं, ते खरं,” प्रमिला पुढं म्हणाली. “पाइप गळत होता, तूस दमट होता. उन्हात घालायला हवा होता. मला वाटलं ओंजळभरानं काय होतंय. तू सांग कंपनीला काय सांगायचं ते. मी नाय म्हणणार नाय.” आणि ती पुन्हा चुना ढवळायला लागली.

दर्शना घरी परतली तर डॉक्टरांचा फोन. नमुन्यांचा निकाल आला होता.

“दर्शनाताई, रागावू नका, पण खरं सांगा. पिल्लांना तुम्ही वरून काही दिलंत का?”

“टॉनिक दिलं. ताकदीचं.”

पलीकडे डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांनी समजावून सांगितलं. माग्या जे औषध देतो ते दिसायला अगदी ब जीवनसत्त्वासारखं असतं. रोगाच्या त्या जिवाला वाढायला ते जीवनसत्त्व लागतं. तो फसतो, त्याच्याऐवजी औषध उचलतो आणि उपाशी मरतो. म्हणून उपचार चालू असताना वरून जीवनसत्त्व द्यायचं नसतं. टॉनिकमध्ये तेच तर होतं. त्या जिवाला खरं अन्न मिळालं, तो फसलाच नाही. शिवाय पिल्लं भांड्यातलं पाणी प्यायली, पाइपातलं कमी प्यायली, म्हणजे औषधही पुरतं पोटात गेलं नाही.

“म्हणजे मी मारली त्यांना,” दर्शना म्हणाली.

“तसं म्हणू नका. तुम्ही मायेनं दिलंत.”

“माया गेली खड्ड्यात. मेली ना?”

“भांडी काढून टाका आत्ताच्या आत्ता. बाकीची दोन दिवसांत उठतील,” डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, “आणखी एक सांगायचंय. माग्यानं तुमचे जुने नमुने राखून ठेवलेत, ते काल नव्या विद्येनं वाचले. ओहोळापलीकडची कुळी तुमच्याकडे आधीच्या प्रत्येक खेपेत आहे. अगदी थोडी, दखल घेऊ नये इतकी. थोडा रोग लहानपणी झाला की अंगात प्रतिकार तयार होतो. तुमची पिल्लं एवढी दणकट निघायची त्याचं हे एक कारण असू शकेल.”

दर्शनाची नजर खिडकीतून फाटकावरच्या हिरव्या पाटीवर गेली. आदर्श शेड. तिला हसावं की काय करावं कळेना.

“म्हणजे ते तूस टाकणं बरोबर होतं म्हणता?”

“नाही, तसंही नाही. थोडं गेलं तर लस, जास्त गेलं तर रोग. मोजून दिलं पाहिजे, आणि ओंजळीला माप नसतं. या खेपेला ओल होती, जास्त गेलं.”

“मग मेली त्यांतली ताईंमुळे किती आणि माझ्यामुळे किती?”

“ते माग्यालाही नाही सांगता येणार.”

तिनं भांडी काढली, टॉनिक ओहोळात न ओतता खड्ड्यात ओतलं, ओला तूस उपसून कोरडा पसरला. कामं संपली तरी संध्याकाळ काही टळेना. ती ओट्यावर बसून राहिली. गंमत बघा, खरं बोलायचं तर उत्तर एकच होतं. परवानगी तिनं दिलेली नव्हती. खरं बोलली की तिची शेड, तिची पाटी, सगळं शाबूत. प्रमिलाची शेड तेवढी कायमची गेली असती. नवरा गेल्यावर त्या बाईनं एकटीनं चालवलेली ती शेड, तिच्याजवळ दुसरं होतं काय? आणि खोटं बोलली की वर्षभर दोन्ही शेड रिकाम्या.

हरेश येऊन शेजारी बसला. सगळं ऐकून घेतलं.

“तू म्हणशील ते,” तो म्हणाला.

“सगळं माझ्यावर ढकला तुम्ही.”

“शेड तुझी आहे. मी काय सांगू?” मग उठता उठता म्हणाला, “वर्ष काय, निघून जातं.” दर्शनाला कळलं त्याच्या मनात काय आहे ते. तिला आता त्याचा राग आला नाही.

ती शेडमध्ये माग्याखाली जाऊन उभी राहिली. पिल्लं पायांभोवती चिवचिवत होती, त्यांतली काही दाणे टिपायला लागली होती.

“जबाब नोंदवण्यात येत आहे,” गोड आवाज म्हणाला. “सदर संपर्क आपल्या परवानगीने झाला का?”

“होय,” दर्शना म्हणाली. “मीच सांगितलं होतं ताईंना. रीत आहे आमची.”

“आपला जबाब नोंदवण्यात आला आहे. धन्यवाद.”

डॉक्टरांचा फोन तासाभरात आला. “दर्शनाताई, सगळं गाव सांगतं तुमचं बोलणं बंद आहे.”

“गावाला काय माहीत आमच्या घरातलं?”

डॉक्टरांनी जबाब तसाच पुढं पाठवला.

ही खेप गेली की पिल्लं बंद, असा दोन्ही शेडना निरोप आला. दुसऱ्या सकाळी प्रमिला ओहोळ ओलांडून थेट दर्शनाच्या अंगणात आली, कमरेवर हात, धाप लागलेली.

“अक्कल विकून खाल्लीस का गं? तुझी चांगली चाललेली शेड कशाला घालवलीस? मी सांगितलं होतं ना मी नाय म्हणणार नाय म्हणून?”

“बसा ताई. चहा टाकते.”

“चहा घाल चुलीत!”

पण बसली. दर्शनानं चहा टाकलाच नाही. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, “बारशाला मी जे बोलले ना, ते...” तिला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन फुटलं.

“राहू दे,” प्रमिला म्हणाली.

“कसं राहू दे? कुणी बोलतं का असं?”

“नाय बोलत. मी घरी जाऊन दोन दिवस जेवले नाय.” प्रमिलानं ते सरळ सांगून टाकलं, लपवलं नाही. मग म्हणाली, “पण आधी मीच काढला होता तुझा पाय. माझी पिल्लं गेलेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. आता तो चहा टाक, आणि साखर कमी घाल, मला डॉक्टरनं सांगितलंय.”

हिरवी पाटी कंपनीचा माणूस येऊन काढून घेऊन गेला. फाटकावर खिळ्यांची भोकं राहिली. त्या वर्षी दोघींनी मिळून ओहोळाच्या काठाला काकडी आणि दुधी लावला. एकीला पाणी जास्त घालायची सवय, दुसरीला कमी, त्यावरून रोज वाजायचं. गावाला वाटलं पुन्हा बिनसणार, पण बिनसलं नाही. तरवडातून वाट पडली.

वर्ष सरल्यावर पिल्लं यायची ठरली, तेव्हा डॉक्टर तांबोळी एक निळी बाटली घेऊन आले. कंपनीनं नवी लस काढली होती. रोगाचा तोच जीव, पण निवडून, मवाळ करून, थेंबाथेंबाचं माप ठरवून बाटलीत भरलेला. पिल्लं खोक्यांतून उतरवली की अंगावर फवारायची. चोचीनं पिसं साफ करता करता ती मापात गिळतात. बाटलीवर कुळीचा क्रमांक छापलेला होता.

“हा क्रमांक ओळखीचा आहे का बघा,” डॉक्टर हसत म्हणाले. “ओहोळापलीकडची कुळी आहे. सगळ्या पट्ट्यात हीच सौम्य निघाली.”

प्रमिला तिथंच होती. तिनं बाटली उलटसुलट करून पाहिली. “म्हणजे माझ्याच शेडमधलं काढून आता मलाच विकणार? चांगलंय बाबा तुमचं.”

“फवारणी मात्र शिकलेल्या माणसानंच करायची,” डॉक्टर म्हणाले. “नियम आहे. मुरबाडला एक दिवस शिकवतात.”

प्रमिला शिकून आली. पिल्लांची गाडी आली त्या सकाळी तिनं नवी साडी नेसली होती आणि वरून कंपनीचा पांढरा अंगरखा चढवला होता, ते काही फार बरं दिसत नव्हतं. हरेशनं खोके उतरवले. आत दर्शनानं कोरडा, करकरीत तूस पसरून ठेवला होता. दारात औषधी पाण्याची परात होती, पाय बुडवून आत यायचं.

प्रमिला बाटली घेऊन परातीशी आली आणि थांबली. चार वर्षांत ती या उंबऱ्यापाशी आली नव्हती. जाळी मागच्या बाजूला होती. तिनं तिकडे एकदा बघितलं, मग दर्शनाकडे.

“पाय लावू ना गं?” तिनं विचारलं.

त्याच वेळी वरून माग्याचा आवाज आला. “अभ्यागत, प्रमिला विशे. सदर प्रवेश आपल्या परवानगीने आहे का?”

“होय,” दर्शना दोघांनाही एकदमच म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

प्रमिलानं परातीत पाय बुडवले आणि ती आत आली.